वानखडे मास्तरांची जिवंत भाजी

अकोल्यात बिऱ्हाड मांडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक अनोळखी गृहस्थ सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी माझा स्टोव्ह बंद केला.

मी पानकोबीची भाजी टाकली होती. नुकतीच कुठे वाफ धरली होती. गृहस्थ उंच, किडकिडीत. बोटांना निळा रंग लागलेला. पातेल्यावर झाकण घालून म्हणाले, "झाली. उतरवा आता."

"अहो, कच्ची आहे अजून!"

"कच्ची नाही वहिनी, जिवंत आहे. आनखी ठेवान तं मरून जाईन बिचारी."

हे आमचे शेजारी वानखडे मास्तर. सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे शेजारी आधी दाराशी खाकरतात तरी. मास्तर तेवढाही वेळ घालवत नसत. भिंतीपलीकडून फोडणीचा आवाज आला की ते निघालेच.

याचं मूळ होतं एका व्याख्यानात. गावात प्रदर्शन भरलं होतं, तिथं कुणा डॉक्टरांनी भाज्यांमधल्या जीवनसत्त्वांवर भाषण केलं. बाकीच्यांनी ऐकलं आणि घरी जाऊन नेहमीसारखे जेवले. मास्तर मात्र घरी आले ते चुलीचे वैरी होऊन. रंगाच्या डब्या काढून त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर भलंमोठं पातेलं रंगवलं. त्यातून हिरवी, केशरी पाखरं रडत उडून चालली होती. गल्लीतली पोरं ते चित्र बघायला रांग लावायची.

अ, ब, क ही मास्तरांच्या लेखी अक्षरं नव्हतीच, नात्यातली माणसं होती.

"क लय भेकड हाये वहिनी. जाळ दिसला का पयालंच. आन् ब पान्यात उतरते. तुमी भाजी उकडून ते पानी फेकता. मंग ब कुठी गेलं? मोरीत!"

"आणि अ?"

"अ टणक गडी. आगीले भेत नाही. उलट जराशी आच आन् तेलाचं बोट लावलं का राजीखुशीनं भायेर येते."

म्हणून गाजर आणि भेदरं, म्हणजे आपले टोमॅटो, यांना तेवढी तेलात परतायची मुभा होती. "मास्तर, गाजरापुरती माघार का घेतली?" असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, तर मास्तर गंभीरपणे म्हणाले, "माघार नाही साहेब. गाजराचा सोभावच येगळा हाये."

शाळेच्या स्नेहभोजनाची देखरेख एका वर्षी त्यांच्याकडे आली. आचारी भट्टीपुढे, मास्तर आचाऱ्यापुढे. वांग्यांना नीट चटका बसायच्या आत त्यांनी कढई उतरवायला लावली. हेडमास्तर पहिला घास घेऊन आभार मानायला उभे राहिले आणि बराच वेळ नुसतेच उभे राहिले. तोंडातली फोड काही केल्या हार मानेना. मुलांना वाटलं, हेडमास्तरांना गहिवरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर खूश. "पाह्यलं? चावाले लागलं. चावलं का अंगी लागते."

या सगळ्यात त्यांच्या घरी स्वयंपाक करायच्या त्या सुभद्राताई. मास्तरांच्या पत्नी. गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या; हसायच्या तेव्हा तोंडाला पदर लावून. त्यांना मूलबाळ नव्हतं. मास्तर सांगतील तेव्हा त्या पातेलं उतरवत. उकडल्याचं पाणी मास्तर दोन पेल्यांत ओतत, एक स्वतः पीत, दुसरा त्यांच्या हातात देत. त्या निमूट पीत. मी एकदा विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "माह्यासाठीच करून राहिले ना ते. दुसऱ्या कोनासाठी करतीन?"

श्रावणात भावाच्या मुलाचं बारसं म्हणून त्या माहेरी हिवरखेडला गेल्या. पोळा झाला, गणपती झाले, त्या आल्या नाहीत. मास्तर पहिल्यांदा म्हणाले, "राहू द्या, माहेर हाये." मग कुणी विचारलं तर छत्री उचलून बाहेर पडू लागले. माझ्या फोडणीला यायचे थांबले. मी मुद्दाम एकदा पालक चरचरून परतला, खुशाल काळा होऊ दिला. भिंतीपलीकडे चिटपाखरू हललं नाही. तेव्हा मात्र मला धास्ती वाटली.

दसऱ्याच्या आधी ते दारात आले. चक्क दारात, आणि खाकरले.

"वहिनी, तुमी आन् साहेब चालता का माह्यासंगं हिवरखेडले? तुमचं आयकते सुभद्रा."

मोटारीत मास्तर खिडकीतून कपाशीकडे बघत बसले. रस्ताभर जीवनसत्त्वाचं नाव काढलं नाही.

हिवरखेडला घर शेतकऱ्याचं, भरलेलं. जावई आले म्हणून धावपळ उडाली. सुभद्राताईंनी मला पाणी दिलं, मास्तरांना दिलं, आणि पुन्हा आत गेल्या. चेहरा ओढलेला वाटत होता. जेवायला पाटावर बसलो. ताईंच्या भावजयीनं वाढलं: ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. तासन्‌तास शिजवून, कण्या घालून, पार घोटलेली. पान कुठलं आणि देठ कुठला, ओळखू येऊ नये. मास्तरांच्या हिशेबी त्या भाजीचं तेरावंसुद्धा होऊन गेलेलं होतं.

त्यांचा हात थांबला. सवयीनं म्हणून गेले, "इतकी काहून शिजवली?"

भावजय तवा घेऊनच बाहेर आली. "सुभद्राबाईसाठी शिजवली भाऊजी. त्याहिची दाढ किती दिसाची ठणकून राहिली. दोन्हीकडची. तुमाले मालूम नाही?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. दाराआड सुभद्राताई उभ्या होत्या.

"काहून नाही सांगतलं मले?"

"सांगतलं होतं," ताई हळू म्हणाल्या. "तुमी म्हनलं, कच्चा मुळा चाव, दाढ पक्की होते."

"मंग?"

"मंग चावला."

कुणीच हसलं नाही. मास्तर म्हणाले, "मले वाटलं, तू रुसली."

"रुसाले काय झालं? तुमी काई वाईट केलं का? मले फक्त जेवाच्या वक्ताचं भेव वाटे. सकाळ झाली का वाटे, आता दोनदा जेवा लागन."

मास्तर पाटावरून उठले. मला वाटलं, आता छत्री उचलतात. पण आत जाऊन त्यांनी एक रिकामं ताट घेतलं, त्यात भाकर घेतली आणि तिथंच, चुलीसमोर बसून कुस्करायला लागले. वर अंबाडी ओतली, तेल घातलं, बोटांनी चेपून चेपून सगळं एकजीव केलं. एखादी गाठ हाताला लागली की पुन्हा दाबायचे. सासरी, सासूच्या देखत, जावयानं बायकोचं ताट कालवायचं हे त्या काळी कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून परसात निघून गेल्या.

"बस इथं," मास्तर ताईंना म्हणाले. "उद्या अकोल्याले दाताच्या डाक्टरकडे जाऊ. आता हे खाय."

"सगळ्यांसमोर? मी मंग जेवीन ना."

"आता."

सुभद्राताई भिंतीला टेकून बसल्या. आधी अगदी लहान घास घेतला, गाल आवळून. मग दुसरा. मग हात भराभर चालू लागला. भुकेलेलं माणूस जेवतं तशा त्या जेवल्या, आणि मास्तर त्यांच्या समोर उकिडवे बसून एकेक घास बघत राहिले.

"तुमी पन जेवा ना," ताई म्हणाल्या. "निवून राहिली भाजी."

"हाव," मास्तर म्हणाले, पण हलले नाहीत. "आनखी देऊ का?"