शामरावांचे दोन गुडघे

शामराव आपल्या दोन गुडघ्यांशी दोन भाषांत बोलत. सकाळी उठताना डाव्याला म्हणत, "ऊठ बे." उजव्याला मात्र, "हुजूर, तशरीफ उठाइए." निजामाच्या हद्दीवर, कनेरगाव नाक्याला मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी हे भिंतीपलीकडून ऐकले. घरात कोणी बडा अंमलदार उतरला आहे असे मी समजलो.

"काम काडीचं न्हाई, मान मात्र बराबर मागतो," मी विचारले तेव्हा शामराव उजव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. "नवाबच म्हणा की."

शामराव नाक्यावर कारकून होते. हिंगोलीच्या शाळेत असताना फुटबॉल खेळत. छावणीच्या मैदानावर ते गोलकीपरवर आदळले आणि उजवा गुडघा गेला. ही हकीकत मी प्रथम ऐकली तेव्हा गोलकीपर साधारण उंचीचा होता. तिसऱ्या खेपेला तो दारातून वाकून येऊ लागला. हाडवैद्याने महिनाभर पडून राहायला सांगितले होते. आठव्या दिवशी शामराव गुडघ्याला पागोटे गुंडाळून पुन्हा मैदानात उतरले. हा तपशील कधी बदलला नाही.

त्याच संघातले करीमभाई जवळच्याच गोरेगावला शिंपीकाम करत. त्यांचाही गुडघा तसाच. बाजारच्या दिवशी दोघे चावडीच्या पायऱ्या पाठमोरे उतरत, कारण तसे कमी दुखे. नव्याने आलेल्या एका कारकुनाला ही दरबारी रीत वाटली. तोही आठवडाभर पाठमोरा उतरला.

"अरे, त्याला सांग की," करीमभाई म्हणाले.

"काहून? चांगला उतरून राहिला ना!"

महायुद्धाच्या दिवसांत शामरावांच्या एकुलत्या एका मुलीचे, यमुनेचे लग्न ठरले. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचे, आणि शामरावांनी कित्येक वर्षांत मांडी घातली नव्हती. पाय पसरावा तर तळवा थेट जावयाच्या तोंडाकडे. भटजींनी सुचवले, "धाकट्या भावाला बसवा."

"पोरगी माझी हाय, भटजी. मीच बसणार."

दोन महिने तालीम चालली. करीमभाई खांदे धरून खाली बसवत, मी घड्याळ पाहत असे. पहिल्या दिवशी मांडी पडलीच नाही. शेवटच्या आठवड्यात सहा मिनिटे टिकली. मग आम्ही भटजींना गाठले आणि विधी सहा मिनिटांत आटोपायचे वचन घेतले.

लग्नात शामराव पाटावर बसले. मांडी पडली. चेहरा पांढरा झाला, कानशिलावरून घाम ओघळू लागला. वचनाला जागून भटजी मंत्र इतके भराभर म्हणू लागले की वरपक्षाकडचे एक गृहस्थ चौकशीला पुढे सरकले. मी घड्याळ पाहिले. पाच मिनिटे झाली होती. यमुनेचा हात जावयाच्या हातात द्यायचा तेवढा राहिला होता.

शामरावांनी तो आपल्या ओंजळीत धरला होता.

"हं, द्या आता," भटजी म्हणाले.

शामराव हलले नाहीत. गुडघ्याने दगा दिला असे समजून करीमभाई मागून वाकले. "बहुत तकलीफ है क्या, शामराव? उठवू?"

"न्हाई," शामराव खालच्या आवाजात म्हणाले. "भटजी, एवढे पळून काहून राहिले? ते मंत्र पुन्हा एकदा म्हणा. सावकाश."