टाकीवरची शेळी

मुलांना वाचनाची गोडी घरातच लागते, आणि ती लागली की नाही हे पालकांच्या सहीवरून कळते. याच तत्त्वावर शाळेने आमच्या सहा वर्षांच्या लेकीला दोन वस्तू दिल्या : एक गोष्टीचे पुस्तक आणि एक वाचन-नोंदवही. रोज वीस मिनिटे मुलाजवळ बसून वाचून घ्यावे, शेरा लिहावा, सही करावी.

पहिल्या दिवशी आम्ही चार पाने वाचली. पाचव्या पानावर शेळी पाण्याच्या टाकीवर चढली आणि मला फोन आला.

तेव्हापासून नोंदवहीत एकही दिवस खाडा नाही. (पुस्तक कपाटावर आहे.) दर रविवारी आम्ही नवरा-बायको आठवड्याचे वाचन एका बैठकीत उरकतो. मी शेरे सांगतो, ती लिहिते. ‘आज जोडाक्षरे सुधारली.’ ‘शेळीची काळजी वाटून लेकीचे डोळे भरून आले.’ संशय नको म्हणून तीन रंगांची पेने वापरतो, आणि बुधवारवर चहाचा थेंब पाडतो. लेक मध्ये बसून आईच्या अक्षरांवर बोट फिरवते. तिला तेवढाच विरंगुळा.

बारा आठवडे, चौऱ्याऐंशी सह्या, एक हजार सहाशे ऐंशी मिनिटे. पाने चार.

लेक मात्र रोज विचारायची, “बाबा, शेळी उतरली का हो?”

“उतरेल गं. शेळ्या हुशार असतात.”

“पण तिला भूक लागली असेल ना?”

यावर मी “आईला विचार” असे सांगत असे. आई “बाबांना विचार” म्हणत असे. आमच्या घरात निर्णय एकमताने होतात.

शाळेने आम्हाला ‘आदर्श वाचक कुटुंब’ ठरवले. पालकसभेत बाई लेकीला म्हणाल्या, “बाळ, घरी रोज वाचतेस ते वाचून दाखव बघू.” लेकीने सरळ नोंदवही उघडली आणि न अडखळता वाचू लागली.

“मंगळवार. आज बाबांच्या मांडीवर बसून वीस मिनिटे वाचले. दोघेही पोट धरून हसलो.”

मग तिने मान वर केली. “बाबा, हे कधी झालं?”

सभागृहातले सगळे आईबाप एकदम आपापल्या चपला निरखू लागले. बाईंनी तेवढ्यात टाळ्या वाजवल्या (जोडाक्षरे खरोखरच सुधारली होती) आणि प्रमाणपत्र माझ्या हातात दिले.

बाहेर पडताना अकरा पालकांनी मला गाठले. बारावे तुम्ही. शेळीचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. सगळ्यांना शेऱ्यांचा नमुना हवा होता. तो पाठवतो. मंगळवारचा तेवढा बदलून घ्या, तुमची लेकही आता वाचायला शिकली असेल.