उगाच फेरीचा परवाना

रारोटोंगा बेटावर मोठा रस्ता एकच आहे, आणि तो बेटाला वळसा घालून जिथून निघाला तिथेच परत येतो. त्यामुळे या बेटावर स्कूटर घेऊन निघालेला माणूस, मधे कुठे थांबला नाही, तर अखेरीस स्वतःच्याच घरी पोहोचतो. ही गोष्ट शेंबड्या पोरांनाही ठाऊक होती. शासनाला मात्र ती हेतुपूर्ण वाहतूक विभाग स्थापन झाल्यावर कळली, आणि कळल्यावर शासन हादरलं.

विभागाचे सचिव माताओरा ऑकलंडला राहून शिकून आले होते. येताना त्यांनी दोन सूट आणि एक शब्द आणला. सूट बेटावरच्या उकाड्यात अंगावर ठरेनात, म्हणून त्यांनी शब्द वापरायला काढला. तो शब्द 'हेतू'. त्यांच्या पहिल्याच परिपत्रकात म्हटलं होतं: "प्रत्येक वाहनास जसा चालक असतो, तसा प्रत्येक प्रवासास हेतू असणे आवश्यक आहे. हेतूविना रस्त्यावर आढळणारी स्कूटर बेवारस समजण्यात येईल, मग तिच्यावर कोणी बसलेले असो वा नसो."

तितिकावेका गावच्या नूरोआबाईंनी हे परिपत्रक वाचलं नाही. त्या वेळी त्या स्कूटरवर होत्या.

दुपारची झोप झाली की नूरोआबाई स्कूटर काढत. हेल्मेटचा कायदा आला तेव्हा बेटावरच्या बायकांनी तो निमूट मान्य केला आणि डोक्यावरचा फुलांचा मुकुट हेल्मेटवर चढवला. बाईंच्याही हेल्मेटवर पांढऱ्या तिआरेच्या फुलांचा मुकुट असे. फुलाफुलांचा झगा मांडीखाली दाबायचा, पायात सपाता, आणि निघायचं. मुरीच्या वळणावर खाडीचा खारा वास यायचा. माताव्हेराला एक म्हातारा कुत्रा अंगावर धावून यायचा, चार पावलांत दमायचा, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात खाली बसायचा. आवारुआ गावात शिरलं की बाजारातून एक गरम डोनट घ्यायचा, पिशवी हँडलला अडकवायची, आणि मैत्रीण दिसली तर चौकाला दोनदा फेरी मारायची. पुढे विमानतळाची समुद्राकडची भिंत. विमान उतरायची वेळ साधली तर ते डोक्यावरून असं जायचं, की बाई दर वेळी मान खाली घालत आणि दर वेळी एकट्याच खदखदून हसत. अहो, सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं?

आणि वाटेत भेटेल त्याला भुवया उचलून दाखवायच्या. या बेटावर भुवया उचलल्या की 'हो' असा अर्थ होतो. 'काय गं', 'बरं आहे ना', 'पाहिलं हं तुला' हेही त्याच भुवयांत येतं. हँडल सोडावं लागत नाही.

फेरीच्या शेवटी आरोरांगी गाव लागे. तिथे एका निळ्या घराच्या व्हरांड्यात बाईंची थोरली बहीण तेपाएरू बसलेली असे. बापाच्या जमिनीतल्या नीरफणसाचं झाड कुणाच्या हद्दीत, यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते झाड एका वादळात केव्हाच आडवं झालं. भांडण मात्र ठणठणीत होतं. बोलणं बंद, जाणंयेणं बंद. फक्त नूरोआबाईंची स्कूटर निळ्या घरासमोर जरा हळू व्हायची, व्हरांड्यातून दोन भुवया उचलल्या जायच्या, स्कूटरवरून दोन भुवयांनी उत्तर जायचं, आणि स्कूटर पुढे निघायची. दोघींनी याबद्दल कधी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. पण ज्या दिवशी पावसामुळे फेरी चुके, त्या दिवशी नूरोआबाईंना जेवण जात नसे.

विभागाची पहिली चौकी आवारुआच्या चौकात बसली. चौकीवर तारिपो होता. तारिपो हा बाईंच्या चुलतभावाचा मुलगा, त्याचं लहानपणी नाक बाईंनीच पुसलेलं. आता त्याला गणवेश मिळाला होता.

"आत्या, कुठे निघालीस?"

"घरी."

"घरूनच तर आलीस ना?"

"मग परत नको जाऊ?"

तारिपोने घाम पुसला. "तसं नाही गं. हेतू लागतो. काय हेतूने निघालीस?"

"उगाच."

"उगाच हा हेतू नाही, आत्या."

"नाही ना? मग झालं तर. हेतूच नाही म्हणून 'उगाच' म्हणतेय. एवढं शिकवलं तुला, सगळं पाण्यात!"

तारिपोने वर कळवलं: उगाच.

सचिवसाहेबांनी तो शब्द मोठ्याने वाचला आणि खुर्चीत ताठ बसले. परिपत्रकात नसलेली गोष्ट एकतर अस्तित्वात नसते, किंवा तिच्यासाठी नवी शाखा काढावी लागते. बाई अस्तित्वात होत्या, तेव्हा विभागात उगाच शाखा निघाली. कामावर निघालेल्या स्कूटरला हिरवा स्टिकर, उगाच निघालेल्या स्कूटरला पिवळा. पिवळ्याच्या अटी कडक, कारण उगाचपणात भेसळ होण्याचा संभव फार. अर्जदाराने फेरीत कुठेही थांबू नये. काही विकत घेऊ नये. कुणाशी बोलू नये. फेरीत आनंद झाल्यास तो आनुषंगिक असावा. आनंदासाठी फेरी मारणे हा हेतू ठरेल आणि परवाना रद्द होईल.

अर्जदार खरोखर उगाच फिरतो की नाही, हे तपासायला तारिपोने मागून जायचं ठरलं. त्याच्या स्कूटरला अर्थात हिरवा स्टिकर, कारण उगाच फिरणाऱ्याच्या मागे फिरणं हे काम होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. निळं घर चुकू नये, बाकी काय वाटेल ते होवो. चौकातली दुसरी फेरी बंद झाली. डोनट बंद झाला. डोनटवाली रस्त्यात येऊन ओरडली, "काय गं, माझ्या डोनटाला काय मुंग्या लागल्यात?" बाई समोर बघून तशाच पुढे गेल्या. मागून तारिपो आला. त्याने थांबून दोन डोनट घेतले. त्याला बंदी नव्हती. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मागे तारिपो मनमोकळा हसला.

आठवडाभरात तारिपोचा अहवाल गेला. पोरगा प्रामाणिक, हाच त्याचा दोष. अहवालात म्हटलं होतं की, अर्जदार सर्वत्र निर्हेतुक आढळली. मात्र आरोरांगी येथील निळ्या घरासमोर वेग कमी होतो व भुवया वर जातात.

बाईंना सुनावणीला बोलावणं आलं. सचिवसाहेबांचं कार्यालय बाजारालगत, खिडकी रस्त्याकडे उघडणारी.

"भुवया उचलणे म्हणजे 'हो'," सचिवसाहेब म्हणाले. "हे आपल्याला मान्य?"

"ते कुत्र्यालाही मान्य आहे."

"'हो' हे उत्तर आहे. ज्या अर्थी उत्तर आहे, त्या अर्थी प्रश्न होता. ज्या अर्थी प्रश्नोत्तर झाले, त्या अर्थी संभाषण झाले. संभाषण हे काम आहे. म्हणजे आपण पिवळ्या स्टिकरखाली रोज चोरून काम करत होता."

"अहो, भुवया त्या! त्यांना काय प्रश्न विचारायचाय?"

"मी सरळ विचारतो. त्या घरी आपले काही काम आहे का?"

नेमकी तेव्हाच खिडकीबाहेरून डोनटवाली चालली होती. तिने आत पाहिलं. बाईंनी अख्खा आठवडा तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. जीव नुसता कासावीस झाला होता. इथे काही स्कूटर नव्हती की स्टिकर नव्हता. बाईंच्या भुवया आपोआप वर गेल्या.

"अर्जदाराने होकार दिला," सचिवसाहेब म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात गेली.

निर्णय दोन ओळींचा होता. अर्जदाराचे थोरल्या बहिणीकडे काम असल्याचे सिद्ध झाले आहे. सबब तिने शासकीय साक्षीदारासमक्ष सदर घरी जाऊन काम तोंडी सांगावे, म्हणजे किल्ली परत मिळेल. 'उगाच' असे उत्तर दिल्यास स्कूटर कायमची जमा होईल.

तारिपोच्या मागे बसून बाई आरोरांगीला आल्या. निळ्या घराच्या व्हरांड्यात तेपाएरू नारळीच्या कोवळ्या पातीची टोपी विणत होती. धाकटीला पायऱ्या चढून येताना तिने पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"कशाला आलीस?" झाड पडायच्या आधीपासून आजवर ती पहिल्यांदाच बोलली.

नूरोआबाईंच्या तोंडात 'उगाच' अगदी दाताशी आला होता. म्हटलं असतं तर मान राखला गेला असता. पण स्कूटर गेली असती, आणि उद्या संध्याकाळी हे निळं घर त्यांच्याशिवाय संध्याकाळ करून मोकळं झालं असतं. बाईंना रडू आलं आणि रडण्याचा रागही आला.

"तुला बघायला! रोज तुलाच बघायला येते मी, मेले! ऐकलंस? पोचलं कानात? रोज!"

तेपाएरूचा हात थांबला. मग हळूच तिच्या दोन्ही भुवया वर गेल्या.

"थोरल्या आत्या," तारिपो कानकोंडा होऊन म्हणाला, "भुवया चालत नाहीत. तोंडी सांगावं लागतं."

"तोंडी काय सांगू, माझं कपाळ? आत ये म्हणावं तिला. आणि तू कशाला खांबासारखा उभा? माशाला नारळाचं दूध घातलंय, गिळून जा."

त्या दिवशी दोघी बहिणी खूप रडल्या, खूप जेवल्या, आणि किल्ली परत मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर विभाग कशाला काढला असता? दुसऱ्या दिवशी तारिपो बाईंच्या दारात उभा, तोंड उतरलेलं.

"आत्या, तुझी नस्ती बंद झाली. काम पूर्ण झालं ना! आता त्या कामासाठी फेरी मारता येणार नाही."

"मग दे तो पिवळा. पुन्हा उगाच फिरते."

"नाही देता येत. एकदा ज्याच्यात हेतू सापडला, त्या माणसाला पुन्हा 'उगाच'मध्ये धरत नाहीत."

तेपाएरूला हे कळलं तेव्हा तिने टोपी बाजूला ठेवली आणि तारिपोला निरोप धाडला, की समेट झाल्याचं कुणी सांगितलं? साक्षीदाराने पुन्हा येऊन खात्री करावी.

तारिपो आला. नूरोआबाईही आल्या.

"त्या झाडाचा बुंधा माझ्या हद्दीत होता," तेपाएरू म्हणाली, आणि धाकटीला डोळा मारला.

"तुझ्या हद्दीत? तुझ्या नाकात होता!"

"आणि बाबांचा कोयता कुणी ढापला?"

"गंजलेला कोयता! घे, उद्या आणून आपटते तुझ्या पायरीवर!"

तारिपोने वर कळवलं: समेट प्रलंबित.

'प्रलंबित' शब्द पाहून सचिवसाहेबांचा चेहरा उजळला. ज्या विभागात काही प्रलंबित नसतं तो विभाग पुढच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. त्यांनी ताबडतोब नूरोआबाईंना कायम हिरवा स्टिकर दिला, येण्याची वेळ ठरवून दिली आणि तारिपोला बढती दिली. ही युक्ती बेटभर पसरली. आता आरोरांगीचा एक म्हातारा रोज एक खिळा घ्यायला गावात जातो, आणि दुसरा कालचा खिळा परत करायला. चौकीवर सगळे हिरवे. हेतुपूर्ण वाहतुकीच्या बाबतीत बेटाने कमाल केली, असं सचिवसाहेब भाषणात सांगतात, आणि ते खोटं नाही.

नूरोआबाई रोज भांडायला वेळेवर पोहोचतात. उशीर होऊ नये म्हणून त्या आता मुरीकडून येत नाहीत, दुसऱ्या बाजूने येतात, ते जवळ पडतं. डोनटवाली कधी आरोरांगीत भेटली आणि आपण होऊन पिशवी पुढे केली तर "नंतर गं, घाईत आहे" म्हणतात. माताव्हेराचा कुत्रा त्यांना आता भेटत नाही. विमानाचा आवाज लांबून आला की त्या घड्याळ बघतात.

परवा भांडण आटोपलं तेव्हा तेपाएरू म्हणाली, "नूरोआ, उद्या आत येऊ नकोस. नुसती पुढून जा, पूर्वीसारखी. मी बसते व्हरांड्यात."

नूरोआबाई हेल्मेटवरचा मुकुट सारखा करत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

इथे तुम्ही मनात म्हणाल, काय ही बाई! म्हणा. पण गेल्या रविवारी वारं छान सुटलं होतं, कुठेही जायचं नव्हतं, म्हणून तुम्ही स्कूटर काढलीत. फाटकाशी शेजाऱ्यांनी विचारलं, "काय, कुठे निघालात?" तेव्हा "जरा मेडिकलमध्ये जाऊन येतो" असं कोण म्हणालं? आणि खोटं पडायला नको म्हणून येताना खोकल्याच्या गोळ्याही घेऊन आलात. तुमच्याकडे असा विभाग अजून नाही म्हणे. तशी गरजच पडली नसेल.