गाडीची हळद

गाडी विकणं म्हणजे धर्मराजच्या हातचा मळ! निदान बायकोला तरी तो असंच सांगत होता.

"रविवारी गिऱ्हाईक येईल, गाडी नेईल. संध्याकाळी आपली कार शेडमध्ये! आळीत कुणाला कळणारसुद्धा नाही."

सुनीताला तेच हवं होतं. करंजाड्यातल्या त्यांच्या घरासमोरून न्हावा शेव्याचे ट्रेलर धावत, आणि रस्त्यावरच्या नव्या कारचे दोन्ही आरसे एकेक करून त्यांच्याबरोबर निघून गेले होते. शेडमध्ये मात्र धर्मराजच्या वडिलांची, म्हणजे कैलासवासी बळीरामची, शर्यतीची मोटरसायकल ऐसपैस उभी! बळीरामने तिच्यावर शर्यती मारल्या, बक्षिसाच्या ढाली आणल्या आणि शेवटी धर्मराजच्या आईला, सखूबाईलाही, लग्न करून तिच्यावरूनच घरी आणलं. मागे सीट नव्हती, म्हणून उशी बांधून!

सखूबाई विकायला नाही म्हणाली नाही. फक्त डोळ्यांना पदर लावला.

"नेऊ दे. पन आपली पोर कंदी हलद लावल्याबिगर घराभाईर गेलीय काय रे?"

धर्मराजलाही भरून आलं. "लाव गं आये, चिमूटभर."

चिमूटभर! आगरी घरातली हळद कधी चिमूटभर झालीय?

रविवारी सखूबाईने शेजारच्या मनिषाला हाक मारली, मनिषाने मोबाइलवरून अख्ख्या आळीला. "धर्मराजदादाकडं हलद हाय!" कुणाची, ते लिहायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण हजर झाली. पाठोपाठ बेंजोवाले आले.

तेवढ्यात खांदा कॉलनीतून गिऱ्हाईक आलं. अवधूत नावाचा, जुन्या गाड्यांसाठी जीव टाकणारा पोरगा. टाकीवरची हळद बघून तो किंचाळलाच.

"काकी, ओरिजिनल पेंट आहे तो!"

"व्हय रे बाला, तू पन बस," म्हणत सखूबाईने त्याला पाटावर बसवलं आणि दोन्ही गाल पिवळे केले.

नेमका त्याच वेळी, मनिषाचा मेसेज फिरत फिरत पोचलेला सुनीताचा भाऊ निकेश उरणहून लालबुंद होऊन आत शिरला.

"दाजी! माज्या भाचीचं, पूर्वीचं लगीन ठरवलं आनि सख्ख्या मामाला इचारलं नाय? ह्यो नवरा काय?"

"मी फक्त गाडी न्यायला आलोय!" अवधूत रडकुंडीला आला.

"अजून लगीन नाय, आनि गाडी पन मागतोस?"

कॉलेजात शिकणारी पूर्वी हसून हसून जमिनीवर बसली. धर्मराजने मेव्हण्याला हाताला धरून नवरीसमोर उभं केलं. निकेश हार घातलेल्या मोटरसायकलकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मंग मामाचा मान कुठं हाय?"

त्याला टोपी-टॉवेल मिळाला. अवधूत पोटभर जेवला. सखूबाईने हेडलाइटवरून बोटं मोडली आणि मनसोक्त रडली. गाडी गेली. कार शेडमध्ये आली! धर्मराजने मिशीवर ताव दिला.

पाचव्या दिवशी सखूबाईचा फोन अवधूतला. "जावयबापू, पाचपरतावन हाय. पोरीला म्हायेरी आना!"

जेवणाची चव जिभेवर होतीच. जावई आले. पुढे सण आले, तसे जावई येतच राहिले. दर वेळी कार तेवढ्यापुरती रस्त्यावर.

मग आखाड लागला.

"आखाडात नवी पोर म्हायेरीच ऱ्हाते," सखूबाईने निकाल दिला. धर्मराजने मोठ्या आशेने अवधूतकडे पाहिलं.

"राहू दे ना काकी," अवधूत पुरणपोळीवर तूप घेत म्हणाला. "खरं सांगू? आमच्या सोसायटीत पार्किंगच नाही!"

सखूबाई किती दिवसांनी खुदकन हसली. ते बघून धर्मराजलाही बरं वाटलं.

बाहेर ट्रेलर गेला. कारला नव्याने बसवलेला तिसरा आरसाही गेला.