वाइनला श्वास घेऊ द्या

"वाइन नुसती प्यायची नसते प्रतिमा, समजून घ्यायची असते!" दिगंबरने बायकोला बजावलं. आठवडाभरात त्याने अकरा व्हिडिओ पाहिले होते. आता अमेरिकेतल्या या अख्ख्या चँडलर गावात आपल्याएवढा जाणकार नाही, याबद्दल त्याला शंका नव्हती!

कारणही तसंच होतं. चिप कंपनीतली त्याची नवी बॉस क्लेअर शनिवारी जेवायला येणार होती. बाई मूळची दक्षिण फ्रान्सची. टीम लीडची जागा रिकामी, आणि तिच्यावर शेजारच्या टेबलावरच्या श्रीरंगचाही डोळा. म्हणून दिगंबरने थेट तिच्याच मुलखातली रेड वाइन आणली. तीन जातींच्या द्राक्षांची, आणि ड्राय!

"ड्राय म्हणजे?"

"गोडव्याचा लवलेश नाही. तुरट. भारदस्त."

"म्हणजे तुझ्या काकांसारखी!"

शनिवारी पाच वाजता त्याने बाटली काचेच्या मोठ्या जगमध्ये रिकामी केली. "आता हिला तासभर श्वास घेऊ दे, हवा लागली की चव खुलते," असं म्हणून तो आंघोळीला गेला आणि प्रतिमा दही आणायला बाहेर पडली.

वाइन श्वास घेत होती, पण सासूबाईंना काही तो घेता येत नव्हता! सुमित्राताई महिन्याभरासाठी रत्नागिरीहून आलेल्या, आणि इथल्या एसीने त्यांचं नाक पार चोंदलेलं. ओट्यावर लालभडक जग दिसला. 'लेकीने कोकमाचं पाणी काढून ठेवलंय, गुणाची गं माझी!' त्यांनी त्यात नारळाचं दूध ओतलं, लसूण-मिरची ठेचून घातली, मीठ, चिमूटभर साखर, वर कोथिंबीर.

सहाच्या सुमाराला दिगंबर नटूनथटून येऊन बघतो तर जग गुलाबी!

"आई, यातली वाइन?"

"वाइन कसली? सोलकढी आहे. जरा तुरट लागली म्हणून तीनदा चव घेतली," सासूबाई म्हणाल्या आणि जावयाकडे बघून खुदकन हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच!

तेवढ्यात बेल वाजली. प्रतिमा आणि क्लेअर बरोबरच आत आल्या.

रिकामी बाटली बघून क्लेअर ओशाळली. "सॉरी दिगंबर, मी वाइन घेत नाही. लहानपणी दर वर्षी बाबांच्या मळ्यात द्राक्षं तोडलीत. अजून नुसत्या वासाने पाठ दुखते!"

वाचलो! दिगंबरचा जीव भांड्यात पडला.

"पण ते गुलाबी काय आहे? किती सुंदर!"

सासूबाईंनी लगबगीने ग्लास भरून तिच्या हातात दिलासुद्धा.

"नो!" दिगंबरने तो हिसकावला. "ते... माझं औषध आहे!"

"एवढं?"

"रोज. जेवणाआधी. पूर्ण जग."

बोलून बसला, आता प्यायलाच हवं! तिसऱ्या ग्लासला डोळ्यांत पाणी आलं, चौथ्याला उचकी लागली. पाचव्यानंतर त्याने क्लेअरला 'मावशी' म्हणत वाकून नमस्कार केला. ती बिचारी गलबलली. वरणभात दोनदा मागून जेवली आणि निघताना एका हाताने स्वतःची पाठ चोळत दुसऱ्याने त्याचा हात बराच वेळ दाबून धरला.

सोमवारी तिची मेल आली. 'तुझा त्रास मी डोळ्यांनी पाहिला. तुझ्यावर लीडचा ताण टाकणं पाप ठरेल. ती जबाबदारी श्रीरंगला देते आहे. तू फक्त तब्येत सांभाळ.' खाली लिव्हरच्या एका नामांकित डॉक्टरचा नंबर होता.

दिगंबरने 'थँक यू' लिहून पाठवलं.