कॅमेऱ्याचं मागचं झाकण

पहिला फिल्मचा कॅमेरा कसा निवडावा, यावर मी कुणालाही झोपेतून उठून व्याख्यान देऊ शकतो! त्या शनिवारीही दिलंच की. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

साठीला टेकल्यावर मला हा नाद लागला. फोनवर शेकड्यानं फोटो काढायचे आणि एकही पुन्हा बघायचा नाही, याचा मला वीट आला होता. रोलमध्ये मोजकेच फोटो असले की माणूस आधी नीट बघेल आणि मग बटण दाबेल, असं माझं मत. "नीट बघायचंय तर आधी चष्मा बदल," असं माझ्या बायकोचं, ग्लेनिसचं मत. पण मी हटलो नाही. भरपूर वाचलं. नवशिक्यानं मोठ्या नावाच्या मागे लागू नये, साधा जुना कॅमेरा घ्यावा, तो हातात घेऊन खटका वाजवून बघावा, भिंगात बुरशी आहे का पाहावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचं झाकण उघडून आतल्या स्पंजच्या पट्ट्या तपासाव्यात. त्या कुजल्या असतील तर आत उजेड शिरतो आणि फिल्म वाया जाते. हे मला तोंडपाठ होतं.

त्या शनिवारी आमच्या रस्त्याच्या टोकाला एल्वाबाईंचा गॅरेज सेल होता. त्यांचे यजमान नेव्हिल फेब्रुवारीत गेले, आणि आता त्या घर विकून लॉन्सेस्टनला बहिणीच्या शेजारी राहायला निघाल्या होत्या. बाहेर पाटी होती, आठच्या आधी येऊ नये. त्यामुळे आम्ही सगळे सातलाच हजर! आमच्या टास्मानियात ती पाटी आजवर कुणी मनावर घेतलेली नाही.

गळ, कुदळी, पाव भाजायचं यंत्र, आणि त्यांच्या मधोमध नेव्हिलचा कॅमेरा. अगदी मला हवा तसा, आणि किंमत माझ्या खिशाला झेपेल अशी. आता गुपचूप पैसे द्यावेत आणि घरी जावं की नाही? पण चार माणसं जमलेली, आणि माझं ज्ञान पोटात मावेना. मी खटका वाजवला. भिंग उन्हाकडे धरलं. मग म्हणालो, "आता खरी परीक्षा," आणि मागचं झाकण उघडून सकाळच्या लख्ख उन्हात सगळ्यांना पट्ट्या दाखवू लागलो. पट्ट्या उत्तम होत्या!

"डेस," एल्वाबाई म्हणाल्या, "ते तपकिरी काय आहे रे?"

फिल्म होती. वाचलेल्या सगळ्या पानांत एकच गोष्ट मी विसरलो होतो. झाकण उघडण्याआधी आत रोल नाही ना, हे बघायचं असतं! मी खाडकन झाकण लावलं. एल्वाबाई तिथल्याच विकायच्या खुर्चीवर बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. आजारी पडण्याच्या आदल्या रविवारी नेव्हिल त्यांना धक्क्यावर घेऊन गेला होता. वारा असा की उभं राहवेना, आणि हा बाबा उजेड बरा होण्याची वाट बघत बसलेला. त्यांनी त्याला बरंच सुनावलं. शेवटी त्यानं फोटो काढला एकदाचा. तो फोटो त्यांनी घरभर शोधला होता; रोल अजून कॅमेऱ्यातच असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला एवढंच बघायचं होतं," त्या म्हणाल्या, "की शेवटी तरी मी त्याच्याकडे बघून हसले होते का. मला आठवतच नाही रे."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण उजेडानं फिल्मचे बाहेरचे वेढे जळाले तरी आतले वाचतात, असं मी वाचलं होतं. आता पुन्हा चुकून कुणी झाकण उघडू नये म्हणून मी कॅमेरा माझ्या रेनकोटमध्ये गुंडाळला, बाजूला पडलेल्या बियर गार ठेवायच्या पेटीत, एस्कीत ठेवला, आणि चिकटपट्टी आणायला आत गेलो.

आता गॅरेज सेलमध्ये अंगणात ठेवलेली वस्तू विकायची नाही, असं कोण समजेल? मी परत येईपर्यंत एस्की विकली गेली होती! फूटी, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलच्या क्लबचा लिंडन ती घेऊन गेला, आणि एल्वाबाईंनी डोळे पुसता पुसता त्याला सुट्टे पैसेही परत दिले होते.

मी मैदानाकडे पळालो. पळालो म्हणजे वयाच्या मानानं. लिंडन वर्गणीसाठी सॉसेज भाजत होता. माझं सगळं ऐकून घेऊन तो थंडपणे म्हणाला, तळाशी काहीतरी आहे खरं, पण त्यांना वाटलं कुणाचा तरी डबा आहे. वरून त्यांनी बर्फ ओतला होता, बर्फावर सॉसेज आणि चिरलेला कांदा रचला होता. कोपरापर्यंत हात घालून मी रेनकोट बाहेर काढला. कॅमेरा कोरडा होता. रेनकोटला मात्र अजून कांद्याचा वास येतो, आणि ग्लेनिस त्याला घरात घेत नाही.

लॉन्सेस्टनच्या दुकानात रोल धुवायला दिला. फोटो आणायला मी एल्वाबाईंना घेऊन गेलो. वाटेत मी एकदाही तोंड उघडलं नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

सुरुवातीचे फोटो छान आले होते. समुद्रपक्षी, शेजाऱ्याचं कुत्रं, पुन्हा समुद्रपक्षी. पुढे कडा नारिंगी होत गेल्या. शेवटचा फोटो वरून अर्धा पांढराफटक. बाईंचा चेहरा असायला हवा होता नेमका तिथे काहीच नव्हतं. खाली फक्त त्यांचे बूट, आणि धक्क्याच्या फळ्यांवर पडलेली त्यांची लांब सावली.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

एल्वाबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. उजेडात धरून बघितला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला धडकी भरली, पण त्या रडत नव्हत्या, हसत होत्या.

"सावली बघ," त्या म्हणाल्या. सावलीचे दोन्ही हात कमरेवर होते आणि कोपरं दोन्हीकडे ताठ बाहेर आलेली. "रागावलेलीच होते मी. चांगलीच."

मी सॉरी म्हणालो.

"सॉरी कसलं? पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मी एकदम हसून उभी राहिले असते, तर त्याला वाटलं असतं, ही दुसरीच कुणीतरी आहे."

त्यांनी फोटो पर्समध्ये ठेवला. मग मी सोबत आणून काउंटरवर ठेवलेला कॅमेरा उचलला आणि तोही आपल्याकडे घेतला. दुकानातल्या मुलीकडे नवीन रोल मागितला, आणि तो आत्ताच यात घालून दे, म्हणाल्या. कॅमेऱ्याचे पैसे मी त्यांना त्या शनिवारीच, मैदानावरून परतल्यावर, दिले होते. पण ते बोलायची माझी काही छाती झाली नाही.