अंबुलकर काका आणि अकरा तिवारी

माझ्या सासूबाईंची लसणाची चटणी अंबुलकर काकांच्या कॉम्प्युटरमध्ये ‘अप्रकाशित साहित्य’ या विभागात आहे. लेखक : दाणी, सुमती. प्रकाशक : नाही. पाने : नाहीत. विषय : लसूण, तीळ, वाळलेली मिरची. शेरा : ‘मौखिक. दोनदा विचारले, दोन्ही वेळा मिठाचे प्रमाण वेगळे सांगितले.’ हा शेरा सासूबाईंच्या कानावर गेला तेव्हा त्या आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत. चटणी मात्र पाठवत राहिल्या.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकटेच. सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा गुडघे दाखवायला जातात. काकांनी एक सॉफ्टवेअर शिकून घेतलं. संशोधन करणारे लोक आपण वाचलेली पुस्तकं आणि लेख त्यात साठवून ठेवतात. लिहिताना बटण दाबलं की संदर्भ जागच्या जागी बसतो आणि शेवटची यादी आपोआप तयार होते. काका स्वतः एक ओळ लिहीत नाहीत. त्यांच्याकडे नुसते संदर्भ आहेत, हजारोंनी.

त्यांच्याशी बोलायचं म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं.

“काका, उद्या नळाला पाणी नाही म्हणे.”

“स्रोत?”

“कामवाली बाई.”

“अच्छा. आणि तिचा स्रोत?”

एकदा आम्ही सगळे इथं जबलपूरच्या ग्वारीघाटला गेलो होतो. नाववाला नर्मदेच्या पुराचं सांगत होता, पाणी पार त्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं म्हणून. काकांनी खिशातून कागद काढला. “आपने ख़ुद देखा, भैया?” तो म्हणाला, “नहीं बाबूजी, पिताजी बताते थे।” काकांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं : “दुय्यम स्रोत.” माझ्या नवऱ्याने हौसेने त्याचं हिंदी करून सांगितलं. नाववाल्याने वल्हं थांबवलं. “बाप को दोयम बोल रहे हो, बाबूजी?” परतीच्या वाटेवर त्याने कोणाला काहीही सांगितलं नाही.

या सगळ्यावर मी मनापासून हसत असे. हसायला मला वेळ नव्हता ही गोष्ट वेगळी. मी अठरा वर्षं एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. आमच्याकडे माझ्या पदाला ‘अतिथी विद्वान’ म्हणतात. विद्वान आहे की नाही ते मी सांगत नाही, पण अतिथी नक्की आहे. दर वर्षी नव्याने बोलावतात. कायम व्हायचं तर पीएचडी हवी. म्हणून मी कोदो-कुटकीवर प्रबंध लिहायला घेतला. कोदो-कुटकी म्हणजे आमच्याकडच्या डोंगरातली भरड धान्यं. ती तीन महिन्यांत पिकतात. माझा प्रबंध सातव्या वर्षात होता.

प्रकरणं कशीबशी झाली होती. संदर्भ मात्र माझ्या पद्धतीने ठेवलेले होते. काही डायरीत, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. काही लग्नपत्रिकांच्या पाठीवर. लॅपटॉपवर ‘संदर्भ’, ‘संदर्भ नवीन’ आणि ‘संदर्भ हेच खरे’ अशा तीन फायली होत्या आणि तिन्ही खोट्या होत्या. माझ्या गाइड मॅडमनी त्या पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.

“मंजिरी जी, चैप्टर ठीक हैं। लेकिन रेफरेंस देखकर लगता है घर में चोरी हुई है।”

तिसरी मुदतवाढ चालू होती आणि ती शेवटची होती. दीड महिन्यात बिनचूक संदर्भसूचीसकट प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द आणि मी आजन्म पाहुणी. त्या संध्याकाळी मी लग्नपत्रिकांची पिशवी घेऊन जिना उतरले.

काकांनी पिशवी टेबलावर उपडी केली. एक पत्रिका उलटून पाहिली, सुलटून पाहिली. “मंजूताई, याच्यातलं लग्न तरी टिकलं का?”

एवढंच बोलले. मग माझ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर घातलं आणि रोज सकाळी सात ते नऊ शिकवणी सुरू झाली. पोरींना मी वर्गात जितकी छळते त्याच्या दुप्पट त्यांनी मला छळलं.

“हे वाचलंय का?”

“थोडं.”

“किती थोडं?”

“नाव.”

“मग काहून टाकून राहिल्या?”

तो लेख त्यांनी मला त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसवून वाचायला लावला. त्यात माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या नेमकं उलट लिहिलेलं निघालं. मी चार पानं बदलली. काका समोर बसून मटार सोलत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांना मटार फेकून मारावेसे वाटले.

त्यांनी मला एक गोष्ट तीनदा बजावली होती : लेखकाचं पूर्ण नाव लिहा, आद्याक्षरावर भागवू नका. मी अर्थातच आद्याक्षरावर भागवलं. शेवटी यादी नावांप्रमाणे लावली तेव्हा ‘तिवारी, आर.’ हे नाव एकाखाली एक अकरा वेळा दिसायला लागलं. आता घर चालवणाऱ्या बाईला एकच वस्तू अकरा ठिकाणी पडलेली बघवत नाही. मी अकराही ओळी निवडल्या. शेजारीच ‘एकत्र करा’ असं बटण होतं. ते दाबलं. अकरा तिवारींचे एक तिवारी झाले. पडदा किती स्वच्छ दिसत होता! मी स्वतःवर खूश होऊन पोहे केले आणि एक बशी काकांनाही पाठवली.

मुदतीला बारा दिवस उरले असताना काका छापलेला प्रबंध घेऊन स्वतः जिना चढून आले. ते कधी वर येत नाहीत.

“मंजूताई, हे तिवारी कोण?”

“कोणते?”

“तेच विचारून राहिलो. पान चाळीसवर हे कोदो पेरतात. नव्वदवर गरोदर बायकांचं रक्त तपासतात. एकशे बारावर होळीचे फाग गातात. हा माणूस झोपतो केव्हा?”

मी बटणाचं सांगितलं. मी फक्त नावं एकत्र केली असं मला वाटत होतं. सॉफ्टवेअरने अकरा पुस्तकांचं एक पुस्तक केलं होतं. काका खुर्चीत बसले. “आर. म्हणजे काय? आर. म्हणजे अर्धं जबलपूर! रमेश, राजेश, रामसेवक, रजनी... तुम्ही सगळ्या मोहल्ल्याला एका खोलीत कोंडलं हो.”

 नोकरी, सात वर्षं, सगळं एका बटणाने घालवलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे असं बटण लाल रंगाचं करून त्याच्यावर झाकण ठेवतात.” काकांनी त्याला आत जाऊन चहा करायला सांगितलं.

काढून टाकलेल्या दहा नोंदी सॉफ्टवेअरच्या कचरापेटीत मिळाल्या. पण प्रबंधात जिथं जिथं तिवारी होते ती प्रत्येक जागा आता एकाच तिवारीला बांधलेली होती. ती हाताने सोडवायची. काका पेन्सिल घेऊन छापील पानांवर आणि मी लॅपटॉपवर. “पान चाळीस, शेतीवाले.” “पान बावन्न, मातीवाले.” असं आम्ही नऊ दिवस तिवारी घरोघर पोचवले.

एक उतारा मात्र अकरांपैकी कोणाचाच निघेना. डायरीत मी नुसतं ‘आर. तिवारी, निळं पुस्तक’ एवढंच लिहिलेलं. काका म्हणाले, चलो, विचारून येऊ. सिविल लाइंसमध्ये रजनी तिवारी नावाच्या निवृत्त डॉक्टरबाई राहतात. रक्त तपासणाऱ्या त्या याच. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मी दाखवलेला उतारा वाचला.

“ये मेरा नहीं है। ये मेरी जेठानी का है, रमा जी का। घर में ही छपवाया था।” मग उठून आतून थोरल्या जावेचं ते निळ्या कव्हरचं पुस्तक घेऊन आल्या. “आपके पास मेरे नाम से चल रहा था?”

“और दस लोगों के नाम से भी,” काका म्हणाले. रिक्षात बसल्यावर ते लहान मुलासारखे खुलले होते. अकरा तिवारींचे बारा झाले होते.

प्रबंध मुदतीच्या एक दिवस आधी जमा झाला. गाइड मॅडमनी संदर्भसूचीवर बोट फिरवलं आणि कुठंही थांबल्या नाहीत. “ये आपने किया?” मी हो म्हणाले. एवढं खोटं अठरा वर्षांच्या पाहुणीला माफ असावं.

दुसऱ्या दिवशी बांधलेली एक प्रत घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी ती शेवटून उघडली, सूची पूर्ण वाचली, प्रत्येक तिवारीपाशी मान हलवली. मग पुढची पानं उलटली आणि आभारांचं पान उघडून प्रत कॉम्प्युटरपाशी ठेवली.

तेव्हा कुठे मला आठवलं. ते पान मी सात वर्षांपूर्वी, पहिलं प्रकरण लिहायच्याही आधी लिहिलं होतं. आपण कोणाकोणाचे आभार मानणार हे ठरवायला मला फार आवडलं होतं. बाइंडिंगच्या दुकानात मी त्यात फक्त प्राचार्यांचं नाव बदललं, कारण प्राचार्य बदलले होते.

काकांनी पडद्यावर ‘आभार’ नावाचा विभाग उघडला. त्यांच्या ग्रंथालयात बसून ज्यांनी ज्यांनी प्रबंध पुरे केले त्या सगळ्यांची ही पानं तिथं होती, एकाखाली एक. प्रत्येकाच्या शेऱ्यात काहीतरी लिहिलेलं : ‘आता भोपाळला. मुलगी डॉक्टर.’ ‘वडील गेले, पत्र टाकले.’ ‘नोकरी सोडली, सुखी आहे.’

त्यांनी माझी नोंद सुरू केली. मी पाहत राहिले. गाइड मॅडम. प्राचार्य. नवरा. सासूबाई. झेरॉक्सवाले सोनकर भैया. काकांचा टायपिंगचा वेग जराही कमी झाला नाही.

“काका, ते पान जुनं आहे हो...”

“काहून? छान लिहिलंय. आणि मी काय स्रोत आहे का, मंजूताई? मी फक्त जागेवर लावून देतो.” ते उठले. “बसा. चहा टाकतो.”

ते आत गेले. मी माउस ओढून घेतला. एवढ्या पानांत कोणीतरी त्यांचं नाव लिहिलं असेल, तेवढं पाहावं म्हणून मी शोधायच्या चौकटीत ‘अं’ टाइप केलं. पुढची अक्षरं मला टाइप करावीच लागली नाहीत. आधी कोणी जे शोधलेलं असतं ते ती चौकट स्वतःच भरून देते. तिने ‘अंबुलकर’ भरून दिलं.

मी एंटर दाबलं नाही. अक्षरं पुसली, माउस होता तिथं ठेवला.

“साखर किती?” आतून आवाज आला.

“दोन चमचे,” मी म्हणाले.

मला डायबिटीस आहे. तो चहा मी सगळा प्यायले.